##००२# दाबून ‘मोकळे’ झालेल्यांसाठी

कळफलक:
परवा अमेरिकेतल्या मंडळींसाठी इथे एक सल्ला आला: ‘व्हॉइसमेल आजोबांच्या काळातला. ##००२# दाबा, मोकळे व्हा, लोकांना व्हॉट्सअ‍ॅप करायला सांगा.’ खाली ‘धन्यवाद, केलं’ची रांग. एवढं वाचून गप्प बसवत नाही.

व्हॉइसमेल म्हणजे न उचललेल्या कॉलवर ठेवलेल्या निरोपांची पेटी, आणि ती चालते मुळात कॉल फॉरवर्डिंगवरच. उचलला नाही (कोड ६१), रेंज नाही किंवा फोन बंद (६२), लाइन बिझी (६७), या तिन्ही वेळी कॉल कंपनीच्या एका नंबरकडे वळतो. ००२ ही सगळी वळणं पुसतो आणि तो नंबरही जातो. परत सुरू करायला **००४*नंबर*११# लागतं, पण नंबर कुणाला पाठ असतो? आधी *#६१# दाबून तो कागदावर उतरवून घ्यायचा असतो. त्या सल्ल्यात याचं नावही नाही. व्हिज्युअल व्हॉइसमेलही (निरोपांची यादी पडद्यावर दाखवणारा) याच वळणावर चालतो, म्हणजे तोही गेला. आता दवाखान्यातून रिपोर्टसाठी फोन आला तर समोरच्याला नुसती रिंग ऐकू येणार. दवाखाना व्हॉट्सअ‍ॅप करत नाही.

त्रास व्हॉइसमेलचा नाही, तो ऐकायला लागणाऱ्या वेळाचा आहे. १ दाबून धरा, पिन टाका, ‘आपल्याला दोन नवे निरोप’, मग तारीख, मग वेळ, मग एकदाचा निरोप. त्यापेक्षा आयफोनवर फोन अ‍ॅपमधल्या व्हॉइसमेल टॅबमध्ये एकदा सेटअप करा. अँड्रॉइडवर गूगलच्या फोन अ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, व्हॉइसमेल, तिथे व्हिज्युअल चालू करा. निरोपांची यादी दिसते, हवा तो आधी ऐका. यादी ताजी होत नसेल तर वायफाय आणि व्हीपीएन बंद करून मोबाइल डेटावर बघा. बऱ्याच कंपन्यांचा सर्व्हर फक्त त्याच वाटेने बोलतो.

तिरपागडे:
तो सल्ला माझाच. सन २०२६ मध्ये निरोप ऐकायला यादी, टॅब आणि व्हीपीएन बंद! यालाच तर मी आजोबांचा काळ म्हणतो. शिवाय ज्याला खरंच काम असतं तो मेसेज करतो. उरलेले तीन सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवतात.

नाचणी:
ती शांतता रोबोकॉलवाल्यांची (यंत्राने आपोआप लावलेले कॉल), त्यांना उगाच माणसांत मोजू नका. आणि अनोळखी नंबर गप्प करायची सोय आयफोनवर २०१९ पासून आहे. ती लावलेल्याचे असे सगळे कॉल थेट व्हॉइसमेलला जातात. ती चालू आणि व्हॉइसमेल बंद, म्हणजे पुढचं दार लावून मागचंही भिंतीने बुजवलं.

दगडी_पाटी:
पिन रोज टाकायचा कंटाळा असेल तर सोपं आहे. कॉन्टॅक्टमध्ये नंबरपुढे स्वल्पविराम आणि पिन टाकून सेव्ह करा. व्हेरायझन या अमेरिकी कंपनीला *८६,,पिन# असं. एका स्वल्पविरामाला दोन सेकंदांचा थांबा मिळतो. एकच टाकला आणि यंत्र अजून ‘वेलकम’ म्हणत असेल तर पहिला आकडा गिळला जातो, पिन चुकतो, आणि असं पुन्हापुन्हा झालं की खातं लॉक होऊ शकतं. दोनाने सुरुवात करा.

घासलेट:
वा! पिन कॉन्टॅक्टमध्ये. तो क्लाउडवर जाणार, जुन्या टॅबलेटवर उतरणार, मुलांच्या हातात पडणार. ब्रिटनमध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वृत्तपत्र २०११ मध्ये बंद पडलं ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्यामुळे, विसरलात? तिथे कुणी फोन फोडले नव्हते. एकाने लाइन बिझी ठेवायची, दुसऱ्याने त्याच वेळी फोन करून व्हॉइसमेलला पोचायचं आणि कंपनीने दिलेला मूळ पिन टाकायचा. लोकांनी तो बदललेलाच नसायचा.

दगडी_पाटी:
मूळ पिन ठेवा असं मी कुठे म्हटलं? वाचून तरी बोला.

घासलेट:
वाचलं म्हणूनच बोललो. पुढची पायरी ‘स्वतःच्या फोनवरून पिनच मागू नका’ हीच असते. तेव्हा यंत्र फक्त कॉलर आयडी बघतं, आणि तो खोटा दाखवणं अवघड नाही.
आणि तिरपागडेसाहेब, तुमच्या लाडक्या व्हॉट्सअ‍ॅपचंच सांगतो. पडताळणीचा कोड फोनवर बोलून मिळतो. चोर तो रात्री मागतो, तुम्ही झोपलेले, कोड व्हॉइसमेलमध्ये पडतो, मूळ पिनने ऐकला की व्हॉट्सअ‍ॅप गेलं. इस्राएलच्या सायबर सुरक्षा खात्याने २०१८ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता.

तिरपागडे:
म्हणजे व्हॉइसमेल बंद करणारा मी सुरक्षित निघालो. आभारी आहे. 😄

घासलेट:
त्या एका बाबतीत, हो. लिहितानाही जिवावर येतंय.

ओटीवरून:
फॉरवर्डिंगचा विषय निघालाच आहे तर भारतातलं बोला. ‘*४०१* दाबून हा नंबर लावा’ असं कुरिअरवाला बनून सांगणारे आठवतात ना? लावला की तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे, ओटीपी सांगणारेसुद्धा. शेवटी दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरचं, म्हणजे असे * आणि # चे कोड दाबून होणारं, फॉरवर्डिंगच थांबवायला लावलं. आणि इथे तुम्ही लोकांना तारांकित कोड वाटताय!

कळफलक:
दोन गोष्टींची खिचडी करू नका. *४०१ हा कंपनीचा स्वतःचा कोड, तो जसाच्या तसा त्यांच्या सर्व्हरला जातो. **६१*, *#६१#, ##००२# हे जीएसएम या मोबाइलच्या जागतिक मानकातले, त्यांचा अर्थ फोन स्वतःच लावतो.

ओटीवरून:
आईला फोनवर हा फरक समजावून दाखवा, मग बोलू. तिच्या लेखी चांदणी ती चांदणीच. लुटणाऱ्याला मानक कुठलं याने काय फरक पडतो?

कळफलक:
मान्य. वयस्कर माणसाला एकच शिकवा: *#२१# दाबायचं आणि फॉरवर्ड ‘बंद’ दिसतंय ना बघायचं. दुसऱ्याने सांगितलेला कोड कधीच नाही. माझासुद्धा.

नाचणी:
भारताचा विषय आहे तर मला एवढंच म्हणायचंय की २०२० मध्ये रिंगच्या आधी वाजणारी ती कोविडची खोकल्याची ट्यून…

कळफलक:
तिचा वेगळा धागा काढा, मी स्वतः येतो. इथे नको.

गजरा७:
तुम्ही सगळे ऐकणाऱ्याचाच वेळ मोजताय. निरोप ठेवणाऱ्याचं काय? ‘बीपनंतर बोला, झालं की फोन ठेवा’ हे शहाणपण अजूनही ऐकवतात. डेव्हिड पोग यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून यावर मोहीमच काढली होती. ते ऐकणं टाळून थेट बीपला जायचे तेव्हाचे शॉर्टकट: व्हेरायझन *, एटी अँड टी आणि टी-मोबाइल #, स्प्रिंट १. समोरच्याची कंपनी कुठली हे माहीत असलं तरच उपयोग, आणि चुकीची कळ दाबली की यंत्र उलट तुमच्याकडे पिन मागतं.

मुळात चार रिंगमध्ये व्हॉइसमेल लागतो ही बोंब असते ना, ती रिंग मोजण्याची चूक आहे. अमेरिकेत कॉल करणाऱ्याला ऐकू येणारी रिंग दोन सेकंद वाजते, चार सेकंद थांबते. चार रिंग म्हणजे चोवीस सेकंद. भारतातली ट्रिंग-ट्रिंग तीन सेकंदांत एक फेरी पुरी करते, म्हणून तिकडून आलेल्या माणसाला इथलं सगळं घाईत वाटतं. वेळ वाढवायचा तर **६१*नंबर*११*३०#. पाचाच्या पटीत, तीसच्या वर जात नाही. व्हेरायझनवर हा कोड लावत बसू नका, तिथे कॉल वळवायला *७१ आणि वळवणं बंद करायला *७३ चालतात.

दगडी_पाटी:
हे कामाचं. आणखी एक राहिलं: ‘मेलबॉक्स भरला आहे’. आयफोनवर निरोप डिलीट केला तरी तो खाली ‘डिलीटेड मेसेजेस’मध्ये बसून राहतो. तिथे जाऊन ‘क्लिअर ऑल’ करेपर्यंत जागा सुटत नाही. लोक डिलीट करून दमतात आणि कंपनीला शिव्या घालतात.

नाचणी:
आणि फोन निरोपाचा जो लिखित मजकूर दाखवतो त्यावर विसंबू नका. मराठीत ठेवलेल्या निरोपाचं ते इंग्रजी समजून जे काही करतं! आयफोनवरच्या २०२३ च्या लाइव्ह व्हॉइसमेलमध्ये समोरचा बोलतानाच अक्षरं उमटतात, मधेच कॉल उचलताही येतो, पण मराठीची तीच गत. फोन बंद असेल तर निरोप कंपनीच्याच पेटीत जातो, म्हणून दोन्हीकडचं ग्रीटिंग (बीपच्या आधी वाजणारा तुमचा संदेश) तपासा.

तिरपागडे:
बरं. नंबर लिहून ठेवला नव्हता हे उघड आहे. आता?

कळफलक:
त्याच कंपनीचं सिम असलेल्या कुणाच्या तरी फोनवर *#६१# दाबून बघा. कंपनीचा नंबर सगळीकडे एक असेल तर तोच निघेल. नसेल तर कस्टमर केअर. नंबर मिळाला की **००४*, आणि लगेच पिन बदला. जन्मवर्ष नको.

तिरपागडे:
लावतो. पण ग्रीटिंग ‘व्हॉट्सअ‍ॅप करा’ हेच राहणार.

गजरा७:
राहू द्या. चार सेकंदांत संपवा म्हणजे झालं.