लेलंड मेल्विन : आधी फुटबॉल की आधी विज्ञान?

सातवी_ब
नमस्कार. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी मला अमेरिकी अंतराळवीर लेलंड मेल्विन यांच्याविषयी वर्गात दहा मिनिटे बोलायचे आहे. वर्गात खो-खोच्या संघातील चार मुली आहेत आणि प्रयोगशाळा आपल्यासाठी नाही, असे त्यांनी परस्परच ठरवून टाकले आहे. माझ्या टिपणातील क्रम असा : व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल (चेंडू हातांनी झेलून खेळायचा), दुखापतीनंतर विज्ञान, मग अंतराळ आणि निवृत्तीनंतर मुलांसाठी काम व लेखन. हा क्रम बरोबर आहे का? त्यांच्या आत्मकथनाची मुलांसाठीची आवृत्ती सातवीला झेपेल का?

धातुवेडा
क्रम पहिल्याच पायरीवर चुकला आहे. मेल्विन यांनी रिचमंड विद्यापीठात फुटबॉल खेळता खेळताच रसायनशास्त्राची पदवी घेतली. 1986 मध्ये व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत डेट्रॉइट लायन्स या संघाने त्यांना अकराव्या फेरीत निवडले, पण मांडीचा मागचा स्नायू दुखावला. पुढे डॅलस काउबॉईज या संघाकडेही तेच झाले. डॅलसला असताना दिवसा सराव आणि रात्री व्हर्जिनिया विद्यापीठाच्या द्रव्यविज्ञान (मटेरियल्स सायन्स) अभियांत्रिकीच्या व्याख्यानांच्या व्हिडिओ कॅसेट, असा त्यांचा दिनक्रम होता. 1989 मध्ये ते नासाच्या लँगली केंद्रात रुजू झाले, तेव्हा विज्ञान त्यांना नवे नव्हते. तेथे त्यांनी प्रकाशतंतूंच्या (ऑप्टिकल फायबर) साहाय्याने यंत्रभागांवरील ताण मोजणाऱ्या संवेदकांवर काम केले.

दुर्बीण
शिक्षणाचे कामही निवृत्तीपर्यंत थांबलेले नव्हते. 1998 मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाल्यावर, ह्यूस्टन येथील सुमारे 40 फूट खोल तलावात अंतराळपोशाख घालून सराव करताना 2001 साली त्यांच्या कानांना इजा झाली. पाण्यात खाली जाताना दाब वाढतो, तेव्हा आपण नाक चिमटीत धरून कान मोकळे करतो. अंतराळपोशाखाच्या शिरस्त्राणात हात पोहोचत नसल्याने त्यात नाक टेकवण्यासाठी एक छोटी गादी बसवलेली असते. त्या दिवशी ती नव्हती. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले आणि ते उड्डाणासाठी अपात्र ठरले. या मधल्या काळात त्यांनी नासाच्या शिक्षण विभागात, शिक्षकांमधून अंतराळवीर निवडण्याच्या कार्यक्रमावर काम केले. 2003 मध्ये कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्यांच्या श्रद्धांजली सभांसाठी विमानाने फिरताना मेल्विन यांचे कान दाब कसा पेलतात, हे नासाच्या वैद्यकीय प्रमुखांनी पाहिले आणि पुढे उड्डाणाची परवानगी दिली. 2008 आणि 2009 मध्ये ते अटलांटिस यानातून दोनदा गेले. 2010 ते 2014 या काळात ते नासाच्या संपूर्ण शिक्षण विभागाचे प्रमुख होते.

पानगळ
मुलांसाठीची आवृत्ती 2017 ची आहे आणि तिच्यात घरी करण्याजोगे प्रयोगही दिले आहेत. जिद्दीचा उपदेश मला थोडा जास्त वाटला. शिवाय अमेरिकन फुटबॉलची परिभाषा आपल्या मुलांना अडेल, त्यामुळे पुस्तक हातात देण्यापेक्षा त्यातील प्रसंग तुम्हीच सांगावेत. आईने आणून दिलेल्या रसायनांच्या संचाने लहानग्या लेलंडने दिवाणखान्यातला गालिचा जाळला, हा प्रसंग कुठल्याही वर्गात रंगेल. दुसरा शाळेच्या सामन्यातला : त्यांच्या हातून सोपा चेंडू सुटला, खेळाडू हेरायला आलेला रिचमंडचा माणूस उठून निघाला, आणि प्रशिक्षकांनी तीच चाल पुन्हा खेळायला त्यांनाच पाठवले. या वेळी झेल बसला आणि शिष्यवृत्ती मिळाली.

सातवी_ब
आपणा सर्वांचा आभारी आहे. टिपण नव्याने लिहितो आणि गालिच्यापासूनच सुरुवात करतो. धावताना मांडीचा मागचा स्नायू ओढला जाणे म्हणजे काय, हे त्या चौघींना मला समजावून सांगावे लागणार नाही. शिरस्त्राणातल्या गादीचे चित्र मात्र फळ्यावर काढावे लागेल.