एरिचे (सिसिली): त्रापानीहून अर्धा दिवस, आईचे गुडघे दुखतात

मंडळी, ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन त्रापानीला मुक्काम करतेय. सकाळी डोंगरमाथ्यावरच्या एरिचे गावी जाऊन दुपारी परत यायचंय. रोपवे की बस? वर चढ किती आहे?

प्रतिसाद १
रोपवेच. दहाएक मिनिटांत सुमारे ७५० मीटर उंचीवर पोचता, आणि वरचं स्थानक पोर्ता त्रापानी या वेशीजवळच आहे. खालचं मात्र बंदरापासून लांब, कासा सांता भागात. तिथवर शहर बसने जा. खरी अडचण वाऱ्याची. जोराचा वारा सुटला की रोपवे थांबवतात. सोमवारी सकाळी बहुधा देखभाल असते. त्यामुळे निघायच्या दिवशीच स्थिती बघा आणि परतीच्या बसच्या वेळा आधीच टिपून ठेवा. रोपवे मध्येच बंद पडला की सगळी गर्दी त्याच बसवर येते.

प्रतिसाद २
ताई, वेशीतून आत शिरून सरळ वर जाणारा व्हिया व्हित्तोरिओ एमानुएले आईंसाठी टाळा. चढ आहेच, शिवाय फरसबंदी झिजून गुळगुळीत झालीये. धुक्याने ओली झाली की उतरताना पाय सटकतो. त्याऐवजी दक्षिणेच्या कडेने जाणारा व्हिआले कोन्ते पेपोली धरा. बालिओ बागेपर्यंत चाल सुसह्य आहे, पुढे लगेच किल्ला. रबरी तळाचे बूट हवेतच.

प्रतिसाद ३
वर जाण्याआधी खालून डोंगराकडे बघा. हा डोंगर एकटा उभा असल्याने समुद्रावरची दमट हवा वर चढते, थंड होते आणि माथ्यावर ढग बसतो. त्यात शिरलात तर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी आधी वेशीजवळचं १४व्या शतकातलं मुख्य चर्च बघा, ढग हटला की किल्ला. १२व्या शतकातला हा नॉर्मन किल्ला व्हीनसच्या देवळाच्या जागेवर बांधलाय. स्वच्छ हवेत त्रापानीची मिठागरं आणि एगादी बेटं दिसतात. खालपेक्षा पाचेक अंश गार असतं, वारा वेगळा, स्वेटर न्याच.

प्रश्नकर्ती
आभार! बाबा अंडं खात नाहीत. तिथली मिठाई चालेल का?

प्रतिसाद २
जेनोवेसे (आत क्रीम भरलेली तिथली पेस्ट्री) नको, कणकेत अंड्याचा बलक असतो. बदाम-साखरेची रंगीत फळं, फ्रुत्ता मार्तोराना, बहुधा चालतील. बदामाच्या बिस्किटांत मात्र अंड्याचा पांढरा भाग असतो, म्हणून दुकानात 'सेन्त्सा उओवा?' (अंड्याशिवाय आहे का?) असं विचारून घ्या.