मदत हवी आहे: रॅटमधल्या फेरिक क्लोराइड मॉडेलमध्ये कंट्रोल गटच स्थिर नाही

नमस्कार. फॅक्टर ११ए (रक्त गोठवण्यात भाग घेणारं एक प्रथिन) रोखणाऱ्या एका नव्या रेणूची चाचणी रॅटच्या कॅरॉटिड (मानेतल्या) धमनीवर करतोय. फेरिक क्लोराइडमध्ये भिजवलेला फिल्टर पेपर धमनीवर ठेवायचा, त्याने धमनीला इजा होऊन आत गुठळी होते, आणि डॉप्लर प्रोबने रक्तप्रवाह बंद होईपर्यंतचा वेळ मोजायचा, अशी पद्धत आहे.

अडचण औषध न दिलेल्या गटातच आहे. काही प्राण्यांत प्रवाह लवकर थांबतो, काहींत थांबून पुन्हा सुरू होतो. द्रावणाची तीव्रता वाढवली की सगळ्यांत धमनी बंद होते, पण मग रिव्हरॉक्सबॅन या प्रचलित गुठळीरोधक औषधाचाही परिणाम जेमतेम दिसतो. इजा इतकी जबर असेल तर चांगलं औषधही निकामी ठरेल, ही मला खरी काळजी आहे.

द्रावण रोज ताजं असतं. पेपर एकाच मापाचे, शस्त्रक्रिया एकाच व्यक्तीकडून, शरीराचं तापमान ३७ अंशांवर. भूल केटामिन-झायलाझिनची. पेपर ठेवण्याआधी धमनीभोवतीचा द्रव टिपून घेतो. रॅटच्या प्लाझ्मात रेणू एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लांबवतो, मात्र माणसाच्या प्लाझ्मापेक्षा जास्त मात्रा लागते.

सशांवर जाता येईल, पण त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची नव्याने परवानगी लागेल. शेपटीच्या रक्तस्रावाची चाचणी वेगळ्या गटात चालू आहे, ती ठीक आहे.

ज्यांनी हे मॉडेल स्वतः बसवलंय त्यांना विचारतो: तीव्रता कमी करून पेपर ठेवण्याचा वेळ वाढवावा, की वेळेऐवजी गुठळीचं वजन हाच मुख्य निकष धरावा? आणि प्रवाह पुन्हा सुरू झालेला प्राणी तुम्ही नोंदीत कसा धरता?