मदत हवी आहे: जर्सीसाठी जाड, तिरका देवनागरी फॉन्ट

मंडळी, आमच्या कळव्याच्या कबड्डी संघाच्या जर्सीवर पाठीमागे आडनावं मराठीत टाकायची आहेत. पोरांना जाड, तिरकी, साधी अक्षरं हवीत. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' एक्स्ट्राबोल्ड (सगळ्यात जाड प्रकार) मला फार आवडतो, पण त्यात इटॅलिक, म्हणजे तिरकं रूपच नाही. 'नोटो सान्स देवनागरी'चंही तेच.

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मुक्त'च १२ अंश तिरका करून पाहिला. काने झुकतात, शिरोरेषा आडवीच राहते, ते चालेल. पण गोलाई एकीकडे सुजते, दुसरीकडे बारीक होते. 'वाघमारे' खपून जातं, 'क्षीरसागर' मात्र बघवत नाही! त्यात जर्सीवर चिकटवायचं व्हिनाइल (प्लॅस्टिकचा पातळ कागद) कापताना वेलांटी जिथे अक्षरावर चढते, तिथे प्लॉटर (कापायचं मशीन) मधूनच रेघ मारतो. प्रत्येक नाव आधी वेल्ड करावं, म्हणजे सगळे आकार जोडून एकसंध करावं लागतं.

'पॉपिन्स'मध्ये तिरकी देवनागरी मिळते, पण ती फारच गुळगुळीत. लग्नपत्रिकेला ठीक, कबड्डीला नाही.

मुळातच तिरका काढलेला, दणकट देवनागरी फॉन्ट कुणाला माहीत आहे का? विकतचा असला तरी चालेल. नाहीतर किती अंशांवर थांबू, आणि कोणती अक्षरं हाताने दुरुस्त करू? ठाणे स्टेशनच्या आसपास सब्लिमेशन (उष्णतेने शाई थेट कापडात उतरवणारी छपाई) करणारं कुणी असेल तर तेही सांगा, म्हणजे कापाकापीच टळेल.