'सार्वत्रिक मताधिकार' : यातले 'सर्व' म्हणजे कोण?

बाराखडी : इतिहासाची एक सनावळी तपासतेय. त्यात 'फ्रान्स, १८४८ : सार्वत्रिक मताधिकार' अशी नोंद आहे आणि बरीच खाली 'फ्रान्स, १९४४ : महिलांना मताधिकार'. दोन्ही सनं बरोबर आहेत. मग मधली ९६ वर्षं 'सार्वत्रिक' हा शब्द काय करत होता? नोंद तशीच ठेवावी की बदलावी?

तळटीप : आपल्याकडे हा शब्द 'सर्वत्र'पासून आला, म्हणजे मुळात जागेचा. 'पाऊस सार्वत्रिक झाला', 'सार्वत्रिक निवडणूक' इथे तो चपखल बसतो. माणसांसाठी 'सार्वजनिक' होता, पण त्याला वेगळाच अर्थ चिकटलेला, म्हणून मताधिकाराच्या गळ्यात 'सार्वत्रिक' पडला. पण दोष मराठीचा नाही. मार्च १८४८ च्या फ्रेंच हुकमात 'एकवीस वर्षांचे सर्व फ्रेंच' मतदार ठरवले होते. 'पुरुष' हा शब्द त्यात नव्हताच. लिहायची गरजच वाटली नाही! १८४९ मध्ये जान दरोवँ ही बाई निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा 'सर्व फ्रेंच' म्हणजे कोण ते तिला सुनावण्यात आलं.

शब्दवेल्हाळ : याहून भारी उदाहरण स्वित्झर्लंडचं आहे. एमिली केम्पिन-श्पीरी कायदा शिकलेली, तिला कोर्टात नवऱ्याची बाजू मांडायची होती. पण त्यासाठी मताधिकार असलेला नागरिक असणं आवश्यक. तिने थेट राज्यघटनेवर बोट ठेवलं : 'सर्व स्विस कायद्यापुढे समान आहेत' असं तुम्हीच लिहिलंय ना? मग या 'स्विस'मध्ये मीही आले. जर्मनमध्ये तो शब्द पुल्लिंगी, पण आपल्या 'नागरिक'सारखा सगळ्यांसाठीही चालतो. १८८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद 'जितका नवा तितकाच धाडसी' म्हणून फेटाळला. कर भरताना आणि शिक्षा भोगताना मात्र बायका त्याच शब्दात मुकाट्याने धरल्या जात होत्या, हे आपलं माझं टिपण.

स्विस बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ मध्ये. आपेन्झेल इनररोडन या छोट्या कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या घटक राज्यात) तर पुरुष चौकात जमून हात वर करून कारभार ठरवत आणि बायकांना मत द्यायचं नाही असंच पुन्हा पुन्हा ठरवत. अगदी एप्रिल १९९० मध्येसुद्धा. त्याच नोव्हेंबरात न्यायालयाने निकाल दिला की कँटनच्या घटनेतल्या 'स्विस' वगैरे शब्दांत स्त्रियाही येतात. घटनेतला एक काना-मात्रा बदलला नाही, वाचणारे बदलले. केम्पिन-श्पीरी यांचाच मुद्दा, १०३ वर्षांनी!

कातरवेळ : कॅनडातही तेच. सिनेटवर 'पात्र व्यक्ती' नेमाव्यात असं कायद्यात होतं. स्त्री ही 'व्यक्ती' आहे का, असा प्रश्न पाच बायकांनी लावून धरला. १९२८ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय 'या अर्थाने नाही' म्हणालं. ऑक्टोबर १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या साम्राज्यातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ते फिरवलं. आपल्या 'व्यक्ती'ला लिंग स्त्रीचंच आहे, ही गंमत त्या न्यायाधीशांना कोण सांगणार.

शब्दवेल्हाळ : आपल्या हंसा मेहता राहिल्या की! संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'ऑल मेन' होतं. आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांच्या मते त्यात स्त्रिया गृहीतच होत्या. मेहता अडून बसल्या की काही देश याचा शब्दशः अर्थ लावतील. १९४८ मध्ये संमत झालेल्या पहिल्या कलमात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आहे. 'गृहीत धरलंय' यावर विसंबून राहिल्या असत्या, तर पुढे कुठल्या तरी कोर्टात पुन्हा केम्पिन-श्पीरी झाली असती.

कातरवेळ : मला क्रियापद खटकतं. 'न्यूझीलंडने १८९३ मध्ये महिलांना मताधिकार दिला.' दिला? केट शेपर्ड आणि तिच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ ३२ हजार सह्या गोळा केल्या. मुख्य अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून झाडूच्या दांड्यावर गुंडाळले होते. संसदेत ती गुंडाळी उलगडली तेव्हा थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेली म्हणतात. याला 'मिळवला' म्हणावं.

तळटीप : 'मिळवला' मान्य. पण कायदा संसदेनेच केला, तेव्हा 'दिला' व्याकरणाने चूक नाही. दोन्ही लिहावं, कोणाबद्दल बोलतोय ते पाहून.

कातरवेळ : व्याकरणाने चूक नाही, एवढ्यावरच तर वर सगळी कोर्टं चालली होती :)

ओसरी : थोडं अवांतर. हक्क काढून घेतानाची भाषाही पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानात मुलींना विद्यापीठं बंद झाली, त्या पत्रात 'बंदी' असा शब्द नव्हता. 'पुढील सूचनेपर्यंत' शिक्षण स्थगित, एवढंच. मुलींच्या माध्यमिक शाळांचंही २०२१ पासून तसंच चाललंय. 'स्थगित' हा शब्द मला तेव्हापासून फार चलाख वाटतो.

बाराखडी : सगळ्यांचे आभार. मग सनावळीत सरळ 'प्रौढ मताधिकार' केलं तर? त्यात 'सर्व' येतच नाही.

तळटीप : नका करू. ब्रिटनमध्ये १९१८ साली पुरुष २१ व्या वर्षी मतदार झाला आणि स्त्री ३० व्या, तेही मालमत्तेची अट पूर्ण केली तर. बरोबरी १९२८ मध्ये झाली. म्हणजे ती दहा वर्षं 'प्रौढ' या शब्दालाही दोन वयं होती. तुमच्या नोंदीत 'फ्रान्स, १८४८ : सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार' असं लिहा. '१९४४' च्या ओळीत हवं तर 'सार्वत्रिक' घाला, तिथे तो शोभेल.