व्हेल्वेट वर्मची पिचकारी आणि स्नायू
व्हेल्वेट वर्म म्हणजे अळीसारखा दिसणारा, मऊ अंगाचा आणि बऱ्याच पायांचा छोटा प्राणी, जो भक्ष्यावर चिकट चिकाची पिचकारी मारतो. त्याच्याबद्दल एका प्रतिसादात म्हटलंय की ही पिचकारी मारताना तो तोंडाजवळच्या दोन नळ्या स्नायूंनी डावी-उजवीकडे हलवून नेम धरतो. हा मुद्दा पटत नाही, कारण नेमकं हेच कोस्टा रिकातल्या पेरिपॅटस सोलोर्झानोई या जातीवर तपासलं गेलंय (२०१० साली नोंदवलेली जात, मादी जवळजवळ २२ सेंटीमीटर लांब, या गटातली सगळ्यात मोठी!) आणि २०१५ साली त्याचा पेपर आलाय. हाय स्पीड कॅमेऱ्यात दिसलं की तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या त्या नळ्या सेकंदाला ३० ते ६० वेळा हलतात, एवढ्या वेगाने त्याचे स्नायू हलूच शकत नाहीत. प्राणी फक्त अंग आवळून चिकाच्या पिशवीवर दाब देतो, नळीच्या अरुंद तोंडातून चीक जोरात सुटतो आणि मऊ, सुरकुत्यांची नळी आपोआप थरथरायला लागते, बागेतला पाईप हातातून सुटल्यावर फडफडतो ना तसंच. त्यामुळे दोन्ही धारा हवेत एकमेकींना छेदतात आणि भक्ष्यावर जाळं पडतं.

हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, मग मात्र साहेब अगदी सावकाश येतात, अँटेनांनी चाचपतात, भक्ष्याच्या सांध्याजवळची मऊ जागा शोधून चावतात आणि आत लाळ सोडतात. वाळलेला चीकही खाऊन टाकतात, कारण त्यात बरंच प्रोटीन असतं आणि ते परत बनवायला वेळ लागतो.