मुक्त पीएसएचे प्रमाण आणि निदानाची मर्यादा

रक्तातील पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन) ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या वर गेला की प्रोस्टेटचा कर्करोगच समजावा, असे म्हटले जाते; त्यात थोडी भर घालावीशी वाटते. हे प्रथिन प्रोस्टेटच्या निरोगी पेशीही तयार करतात. त्यामुळे ग्रंथी वयोमानाने साधी वाढली, तिला जंतुसंसर्ग झाला किंवा नुकतीच लघवीसाठी नळी (कॅथेटर) घातली असली, तरी आकडा चढतो. उलट, तो ४ च्या खाली असूनही कर्करोग आढळल्याची उदाहरणे आहेत.

खरी अडचण ४ ते १० या पट्ट्यात येते. रक्तातील बहुतेक पीएसए इतर प्रथिनांना बांधलेला असतो आणि उरलेला मुक्त असतो. कर्करोगात बांधलेला भाग वाढतो, म्हणून मुक्त भागाचे प्रमाण घटते: ते १० टक्क्यांहून कमी असल्यास शंका बळावते, २५ टक्क्यांहून अधिक असल्यास साध्या वाढीची शक्यता जास्त. मधल्या आकड्यांवरून मात्र ठाम काही सांगता येत नाही. मुक्त पीएसए, त्याचाच प्रोपीएसए हा उपप्रकार आणि एकूण पीएसए यांवरून काढलेला पीएचआय (प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स) हा निर्देशांक येथे अधिक नेमका ठरतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड ही प्रोस्टेटच्या साध्या वाढीवरील औषधे सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्मा होतो. अशा रुग्णाचा ३ हा दिलासादायक वाटणारा आकडा प्रत्यक्षात ६ च्या जवळचा मानावा लागतो. पक्के निदान अखेर बायॉप्सीनेच होते, आणि ती करावी की नाही हे ठरवायला अलीकडे आधी एमआरआय काढतात.